गावात दोन शाळा असतील तर

आपल्या वाडवडिलांच्या काळी शाळेविषयीचा प्रश्न एकच असे : गावात शाळा आहे की नाही? श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागातील खेड्यांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सबंध बडोदे संस्थानास लागू केला. नामदार गोखले यांनी १९११ साली तशाच आशयाचे विधेयक वरिष्ठ कायदेमंडळात मांडले. ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. १९१७ साली राजर्षी शाहू छत्रपतींनी करवीर संस्थानात मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. हा इतिहास आपल्या सभासदांस ठाऊक आहेच. आज बेळगाव व खानापूर तालुक्यांतील आपल्या खेड्यांत प्रश्नाचे रूप पालटले आहे. एकाच गावात सरकारी मराठी शाळा असते, तिच्याशेजारी सरकारी कन्नड शाळा असते, मैलभरावरच्या मोठ्या गावात तिसरी असते, आणि सकाळी शहराकडे जाणारी इंग्रजी शाळेची गाडी दारावरून भोंगा वाजवीत जाते. मुलाला कोठे घालावे? शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या निमित्ताने जी पालकमंडळी आमच्याकडे येतात, त्यांतील निम्मी तरी अर्जापेक्षा या प्रश्नानेच अधिक त्रासलेली असतात.

खाजगी शाळांचा विचार येथे करीत नाही. तो विषय निराळा आहे. सरकारी शाळांत निवड करावयाची झाल्यास ती कशी करावी, एवढेच आम्ही या लेखात मांडणार आहो. कारण आमच्या पाहण्यात असे आले आहे की बहुतेक घरांत ही तुलना रंगावरून होते. कोणत्या इमारतीला नवा रंग, कोठे गेटावर कमान, कोठे पंधरा ऑगस्टला मुलांच्या गळ्यात टाय. यांपैकी एकही गोष्ट मुलाला वाचायला शिकवीत नाही.

प्रथम हे लक्षात घ्यावे की एका राज्यातील दोन सरकारी शाळांत पुष्कळ गोष्टी मुळातच सारख्या असतात, आणि जे सारखे आहे त्याची तुलना करण्यात वेळ दवडू नये. कर्नाटकाचे पाठ्यपुस्तक मंडळ कन्नड, मराठी, उर्दू, तमिळ, तेलुगू, हिंदी व इंग्रजी अशा सात भाषांत पुस्तके काढते. परिसराचा वा गणिताचा जो धडा कन्नड शाळेत आहे तोच मराठी शाळेत मराठीतून आहे. तेव्हा "तिकडचा अभ्यासक्रम वरचा आहे" हे जे आपण ऐकतो, त्यात तथ्य नाही. पुस्तके मोफत, गणवेश मोफत, दुपारचे जेवणही दोन्हीकडे एकाच नियमाने : प्राथमिक वर्गाच्या मुलास दिवसाला १०० ग्रॅम धान्य व एकंदर ४५० उष्मांक, वरच्या प्राथमिक वर्गास १५० ग्रॅम व ७०० उष्मांक. दूधही २०१३ पासून दोन्हीकडे आहे. शिक्षकांची पात्रता व पगारही सारखेच. विचारावयाचे ते एवढेच की जे सारखे मिळावयास हवे ते वेळेवर मिळते काय? पुस्तक जूनमध्ये हाती पडते की ऑगस्टात? भात शिजलेला असतो की गिचका? स्वयंपाकघराच्या दारात पाच मिनिटे उभे राहिले तरी हे कळते.

आता खऱ्या भेदांकडे वळू. पहिला आकडा जो प्रत्येक जण सांगतो तो म्हणजे एका शिक्षकामागे मुले किती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, पहिली ते पाचवीपर्यंत ६० मुलांमागे दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांमागे तीन, ९१ ते १२० मागे चार असे प्रमाण घातले आहे. हा आकडा उपयोगाचा आहे. परंतु लहान गावात तो फसवाही आहे.

समजा, वाड्यावरच्या शाळेत पहिली ते पाचवीची मिळून १८ मुले आहेत व शिक्षक दोन. म्हणजे एका शिक्षकामागे नऊ मुले. शहरातल्या फी भरणाऱ्या पालकाला हेवा वाटावा असे हे प्रमाण! पलीकडच्या गावात ८४ मुले व तीन शिक्षक. म्हणजे एकामागे २८. कागदावर पहिली शाळा तिपटीने चांगली ठरते. पण वाड्यावरच्या शाळेत इयत्ता पाचच आहेत आणि शिक्षक दोनच; त्यामुळे एका गुरुजींकडे तीन इयत्ता येतात व दुसऱ्यांकडे दोन. दिवसाची शिकवण्याची वेळ पाच तास, म्हणजे ३०० मिनिटे धरली, तर तीन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाच्या प्रत्येक इयत्तेला प्रत्यक्ष १०० मिनिटे मिळतात. उरलेली २०० मिनिटे मूल करते काय? या शाळेचे सारे गुणदोष त्या २०० मिनिटांत आहेत, असे आम्ही म्हणू. काही ठिकाणी तेवढा वेळ मुले पाढे लिहून काढीत, एकच धडा तिसऱ्यांदा उतरवून काढीत, किंवा खिडकीबाहेर म्हशी मोजीत बसतात. काही ठिकाणी मात्र गुरुजींनी प्रत्येक मुलाच्या हाती त्याच्या बेताचे काम दिलेले असते, चौथीची मुलगी पहिलीच्या पोराला बाराखडी वाचून दाखवीत असते, आणि तिचे स्वतःचे वाचन त्यानेच पक्के होत असते. अशा शाळेत नऊ मुलांचे प्रमाण खरोखर नऊचेच राहते, कारण प्रत्येकाची वही रोज पाहणे शिक्षकाला शक्य असते. २८ मुलांच्या वर्गात ते रोज शक्य होत नाही, मग शिक्षक कितीही कष्टाळू असो.

एकत्र वर्ग म्हणजे वाईट शाळा, ही समजूत त्यामुळे सोडून द्यावी. मोठ्या मुलांनी लहानांस शिकविण्याची आपल्या गावठी पंतोजींच्या शाळांतील रीत मद्रासेस पाहून डॉ. अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस विलायतेत नेली आणि तेथे ती 'मद्रास पद्धती' म्हणून गाजली. आपल्या राज्यातील 'नली-कली' ही पद्धतीही याच मुळावरची. आंध्रातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामशाळांचे पाहून १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यातल्या शिक्षकांनी ती प्रथम अवलंबिली आणि २००९ पासून ती राज्यभर खालच्या इयत्तांत आली. तीत पहिली ते तिसरीची मुले गटागटांनी बसतात, भिंतीवरच्या शिडीप्रमाणे एकेक पायरीचे कार्ड उचलून आपापल्या गतीने पुढे सरकतात. पाहुण्या पालकाला वाटते, वर्गात गोंधळ आहे. गोंधळाकडे न पाहता आपल्या मुलाचे कार्ड कितवे आहे आणि महिन्यापूर्वी कितवे होते, एवढे विचारावे.

दोन-शिक्षकी शाळेची एक दुखरी जागा मात्र कोणत्याही पद्धतीने झाकत नाही. एक शिक्षक प्रशिक्षणाला, बैठकीला वा रजेवर गेला की त्या दिवशी पाचही इयत्ता एकाच्या गळ्यात पडतात. कायद्याने शिक्षकास जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांवाचून इतर बिगरशैक्षणिक कामांस लावता येत नाही, तरी बैठका आहेतच. तीन वा चार शिक्षकांच्या शाळेत एकाची उणीव कशीबशी भरून निघते. म्हणून पालकांनी एकच चौकशी करावी : गेल्या महिन्यात किती दिवस दोन्ही शिक्षक शाळेत होते? जागा रिकामी असल्यास अतिथी शिक्षक केव्हा आले, शाळा सुरू होताच की दोन महिन्यांनी? हे सांगायला मुख्याध्यापक कचरले तर मुले सांगतील; मुलांचा हिशेब या बाबतीत पक्का असतो.

दुसरा आकडा निकालाचा. येथे आमचे सभासद, विशेषतः नोकरी करून निवृत्त झालेली शहाणी मंडळीही, चुकीच्या वाटेने जातात. कायद्याप्रमाणे पहिली ते चौथीपर्यंत मुलाला मागे ठेवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना जी मोकळीक मिळाली ती पाचवी व आठवीपुरती. तेव्हा "आमच्या शाळेचा निकाल शंभर टक्के" या वाक्याने खालच्या वर्गांबद्दल काहीच कळत नाही. मूल खरोखर वाचते काय, हे स्वतः पाहावे लागते. त्यासाठी 'असर' या नावाने २००५ पासून देशभर होत आलेल्या पाहणीची साधी रीत घरी वापरता येते : अक्षरे, शब्द, पहिलीच्या बेताचा एक परिच्छेद आणि दुसरीच्या बेताची एक छोटी गोष्ट; गणितात हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणे. मराठीत व कन्नडात दोन्हींत हे उतारे आहेत. ते हाती नसले तर मागल्या इयत्तेचे पुस्तक घ्यावे आणि मुलाला पाठ नसलेले पान उघडावे. पाठ असलेले पान मूल पुस्तक उलटे धरूनही वाचते. 'असर'चे आकडे जिल्ह्याजिल्ह्यांचे असतात; नमुन्याला प्रत्येक जिल्ह्यातील ३० खेडी घेतात. त्यावरून अमुक गावची शाळा कशी, हे ठरविता येत नाही, आणि तसे कोणी वर्तमानपत्र हातात नाचवून सांगू लागल्यास ऐकू नये.

असे वाचन घेऊन दोन शाळांची तुलना करताना शेकडेवारीच्या सापळ्यात पडू नये. समजा, वाड्यावरच्या शाळेत यंदा तिसरीत पाच मुले आहेत व त्यांतील चार गोष्ट वाचतात : शेकडा ८०. पुढल्या वर्षी तिसरीत चार मुले, वाचणारी दोन : शेकडा ५०. एका वर्षात ३० टक्के घसरण! गावात बोभाटा होतो, कोणी गुरुजींची बदली मागतो. वास्तविक फरक पडला तो एकदोन मुलांचा. एकाला दोन महिने कावीळ होती, दुसऱ्याचे आईबाप ऊसतोडीला गेले होते. मोठ्या शाळेच्या २८ मुलांच्या वर्गात २० वाचतात, म्हणजे सुमारे ७१. तेथे एका मुलाने साडेतीन टक्क्यांचा फरक पडतो, येथे वीस ते पंचवीस टक्क्यांचा. लहान शाळा त्यामुळे कधी पहिल्या नंबरावर दिसते, कधी तळाला, आणि दोन्ही वेळी ती असते तशीच असते. निदान तीन वर्षांची मुले एकत्र मोजल्याशिवाय लहान शाळेबद्दल मत देऊ नये.

आणखी एक गोष्ट. ज्या घरांना परवडते ती आपली मुले गाडीत बसवून शहराला धाडतात. गावच्या शाळेत राहतात ती मोलमजुरी करणाऱ्यांची, धनगरवाड्यावरची, आजीपाशी ठेवलेली मुले. त्यांचे वाचन कच्चे आढळले तर तो दोष शाळेचा किती आणि घरातल्या दिव्याचा किती? शाळेने मुलाला कोठून कोठे नेले, ते पाहावे. जूनमध्ये अक्षर न ओळखणारे मूल मार्चमध्ये परिच्छेद वाचू लागले असेल, तर ती शाळा उत्तम, मग पलीकडच्या शाळेतील मुले गोष्ट का वाचेनात. आपल्याच मुलाचे जूनचे व दिवाळीनंतरचे वाचन ताडून पाहिले, तर त्याहून चांगले मोजमाप आम्हांस ठाऊक नाही. वह्याही पाहाव्यात : लाल खूण शेवटची कोणत्या तारखेची आहे, आणि चुकीवर नुसती फुली आहे की शेजारी बरोबर शब्द लिहून दिला आहे.

अंतराचा मुद्दा लहान दिसतो. जांबोटी, कणकुंबी, हेम्माडगा या बाजूस तो लहान नाही. नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. हे अंतर नकाशावरचे. मृगापासून पोळ्यापर्यंत मधला ओढा किती दिवस ओलांडता येत नाही, हे नकाशात नसते. भीमगड अभयारण्य २०११ साली झाले. त्या रानातल्या वस्त्यांवरील आईला सकाळच्या धुक्यात अस्वलाची भीती असते आणि ती भीती खोटी नाही. मोठ्या शाळेचे गुण गाणाऱ्यांनी तिचा जुलै महिन्याचा हजेरीपट एकवार पाहावा व दूरच्या वाड्यावरची मुले त्यात किती दिवस हजर आहेत ते मोजावे. वर्षाला कायद्याने २०० दिवस शाळा भरायची असते. त्यातले चाळीस दिवस पावसात गेले तर उत्तम शिक्षकही त्या मुलाला लाभला नाही.

आता भाषेचे. हा विषय आपल्याकडे तापलेला आहे, आणि आम्ही तो थंड डोक्याने बोलू इच्छितो. घटनेच्या ३५०-अ या कलमाने, जे १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आले, भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगितले आहे. त्याही आधी, ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरविले होते की शाळेत त्या भाषेची ४० मुले किंवा एका वर्गात १० मुले असल्यास त्या भाषेचा शिक्षक द्यावा. शिक्षणहक्क कायदाही, शक्य तितके, मातृभाषेतूनच शिकवा असे म्हणतो. पहिल्या तीन-चार वर्षांत मूल घरच्या भाषेतून शिकले तर वाचणे व समजणे एकाच वेळी होते. परक्या भाषेत अक्षर जुळते पण अर्थ मागाहून येतो. म्हणून आमचा कौल मराठी शाळेकडे आहे, हे लपवीत नाही.

परंतु मराठी आहे एवढ्यानेच वाईट शाळा चांगली होत नाही. मराठी शाळेला आमचा सर्वांत मोठा प्रश्न असतो तो तिच्या कन्नडाचा. कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने कन्नड हा विषय पहिलीपासून पायरीपायरीने आवश्यक झाला आहे. आपल्या मुलांना याच राज्यात सातबारा काढायचा आहे, बसची पाटी वाचायची आहे, पुढे नोकरी करायची आहे. मराठी शाळेत कन्नड शिकविणारा शिक्षक स्वतः ती भाषा बोलतो काय? पाचवीतले मूल बिडी-इटगीच्या बाजूच्या दुकानदाराशी चार वाक्ये बोलू शकते काय? की कन्नडाचा तास म्हणजे फळ्यावरचे उतरून काढणे? ज्या मराठी शाळेत हा तास मनापासून होतो ती निःशंक निवडावी. याच्या उलट, मराठी घरातले मूल कन्नड शाळेत असेल तर त्याचे वाचन दोन्ही भाषांत घ्यावे. आणि घरी रोज थोडे मराठी वाचून घेण्याची जबाबदारी आईबापांनी उचलावी, कारण ती दुसरे कोणी उचलणार नाही. २०१९-२० पासून राज्यातील सुमारे हजार सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग निघाले आहेत. जवळपास तसा वर्ग असला तर त्यालाही हीच कसोटी लावावी : शिकविणारे गुरुजी इंग्रजीतून बोलतात, की फक्त पुस्तक इंग्रजी आहे?

पाचवी किंवा सातवी झाल्यावर वाट कोठे जाते, हेही आधीच पाहावे. एरवी हे सातवीच्या मे महिन्यात आठवते. मराठी माध्यमाचे हायस्कूल किती दूर, बस किती वाजता, संध्याकाळची शेवटची बस मुलीला घेऊन अंधारापूर्वी परतते काय? कित्येक हुशार मुली आठवीत अडतात त्या गणितामुळे नव्हे, बसमुळे. लहान गावाला या बाबतीत एक सोय आहे जी शहराला नाही. गेल्या पाच वर्षांत या शाळेतून सातवी झालेली मुले आज कोठे आहेत, हे नावानिशी सांगता येते. पारावर बसून बोटांवर मोजावे : इतकी दहावी झाली, इतकी मध्येच थांबली, इतकी गोव्याला हॉटेलात कामाला गेली, इतक्यांची लग्ने लागली. दोन्ही शाळांची ही मोजणी शेजारीशेजारी मांडली की कमानी व रंग आपोआप बाजूस पडतात.

ही निवड घोडा पारखण्यासारखी नाही, हे मात्र सांगितले पाहिजे. घोडा पारखून न घेतल्याने घोड्याचे काही बिघडत नाही. अठरा मुलांच्या शाळेतून चार घरांनी मुले काढली की पट चौदावर येतो, शिक्षक अन्यत्र हलविण्याची चर्चा सुरू होते, उरलेले पालक घाबरतात, आणि दोन वर्षांत शाळा खरोखरच वाईट होते. मराठी शाळेचे तर दहा-चाळीसचे आकडे असे हातातून निसटतात आणि एकदा गेलेला वर्ग परत मागणे फार अवघड जाते. आम्ही कोणास सांगणार नाही की गावच्या शाळेसाठी आपल्या मुलाचे नुकसान करा. परंतु मूल काढण्यापूर्वी एक वर्ष शाळेत जाऊन बोलावे, इतके तरी म्हणू.

बोलण्याची जागा कायद्यानेच दिली आहे. शाळेच्या समितीत, जिला आपण शाळा सुधारणा समिती म्हणतो, तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत व एकंदरीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असा नियम आहे. शिक्षकाची रिकामी जागा, कुलूप लावलेले मुलींचे स्वच्छतागृह, उशिरा येणारी पुस्तके, ओढ्यावरचा साकव, हे सारे विषय तिच्या बैठकीत मांडता येतात व ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठविता येतात. बऱ्याच गावांत बैठक होत नाही. शिपाई वही घेऊन घरोघर जातो आणि भाकरी थापणाऱ्या आईची सही घेऊन जातो. आपल्या घरातील कोणी त्या समितीवर असेल तर पुढल्या खेपेस सही करण्याआधी वही मागून घ्यावी, मागची पाने उलटावीत आणि शेवटचा खरा ठराव कोणत्या वर्षीचा आहे ते वाचावे.